देवघेव की भाडे? : ऐतिहासिक ग्रंथालय-वास्तूंचे पुनरुज्जीवन आणि ‘समाजकेंद्रा’ची कल्पना

जुन्या ग्रंथालयाची वास्तू दुरुस्त करून तिचे ‘समाजकेंद्र’ करावे, हा विचार गेल्या दोन-तीन दशकांत वारसा-जतनाच्या क्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य झालेला आहे. वास्तू कुलूपबंद राहून ढासळण्यापेक्षा वापरात राहिलेली बरी, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र होय. स्मारकाचा समाजोपयोगी वापर त्याच्या जतनास साहाय्यभूत ठरतो, ही भूमिका १९६४ च्या व्हेनिस सनदेने मान्य केली होती. या भूमिकेला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ‘समाजकेंद्र’ या शब्दाच्या छत्राखाली प्रत्यक्षात काय घडते, कोणता समाज आत येतो, कोणता दाराबाहेर राहतो आणि मुळात ज्या पुस्तकांसाठी ती भिंत उभी राहिली त्या पुस्तकांचे काय होते, या प्रश्नांची चर्चा अभावानेच आढळते. वास्तुरचनेचे अभ्यासक दगड, चुना आणि छप्पर यांविषयी लिहितात; ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक संग्रह, वर्गीकरण आणि संगणकीकरण यांविषयी. या दोहोंच्या मधली जागा रिकामी राहते. ग्रंथालयाचा खरा प्रश्न नेमका त्या जागेत आहे.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने दोन वास्तूंचा विचार केला आहे : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडॉक या पोलाद-नगरीचे कार्नेगी ग्रंथालय आणि मुंबईतील काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालय. वरवर पाहता ही तुलना विजोड वाटेल. एक वास्तू उजाड झालेल्या कारखानदारी गावात, दुसरी महानगराच्या सर्वांत देखण्या रस्त्यावर. तथापि या दोन्ही संस्थांचा उगम कामगारांच्या नावाने झाला आहे, आणि दोन्ही ठिकाणी वास्तू वाचवण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यामुळे ‘कोणासाठी वाचवली?’ हा प्रश्न दोघींनाही सारखाच विचारता येतो.

ब्रॅडॉक : स्नानगृहासह ग्रंथालय

अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी सुमारे १,६८० सार्वजनिक ग्रंथालये एकट्या अमेरिकेत होती. अमेरिकेतील यांपैकी पहिले ग्रंथालय ब्रॅडॉकचे. ३० मार्च १८८९ रोजी स्वतः कार्नेगी यांच्या भाषणाने त्याचे लोकार्पण झाले. गावात त्यांचा एडगर थॉमसन पोलाद कारखाना १८७५ पासून चालू होता. विल्यम हॅल्सी वुड या वास्तुरचनाकाराने आखलेल्या या इमारतीत पुस्तकांच्या जोडीला बिलियर्डची टेबले होती आणि तळघरात स्नानगृह होते. १८९३ मध्ये लाँगफेलो, ऑल्डन व हार्लो या वास्तुरचनाकारांच्या आराखड्यानुसार इमारत वाढवण्यात आली. तेव्हा तीत संगीतसभागृह, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावही आला. म्हणजे आज ज्याला आपण समाजकेंद्र म्हणतो ते सर्व त्या वास्तूत प्रथमपासून होते. ‘ग्रंथालयाचे समाजकेंद्रात रूपांतर’ हा शब्दप्रयोग येथे ऐतिहासिकदृष्ट्या उलटा ठरतो; जे होते त्यातून ‘केवळ ग्रंथालय’ ही कल्पना पुढे वेगळी काढण्यात आली.

ती कशी वेगळी काढली गेली, हेही पाहण्याजोगे आहे. १८९६ नंतर कार्नेगी यांच्या देणग्यांचे स्वरूप बदलले. पूर्वी मोजक्या, स्वतःच्या कारखान्यांशी संबंधित गावांना बहुउद्देशीय इमारती मिळत. पुढे शेकडो गावांना आटोपशीर इमारती मिळू लागल्या. अट एवढीच की गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालयाच्या चालू खर्चासाठी कराच्या उत्पन्नातून द्यावी. कार्नेगी यांचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ मध्ये ग्रंथालय-बांधणीसंबंधी एक टिपण छापून इच्छुक गावांकडे पाठवण्यास प्रारंभ केला. त्यात अनावश्यक जागा, भपका यांना फाटा देण्यावर भर होता. तरीही तळघरात व्याख्यानाची खोली असावी, हे त्यांनाही मान्य होते. अॅबिगेल व्हॅन स्लिक यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात या इमारतींच्या नकाशांचा सविस्तर अभ्यास केला आहे. ग्रंथपालाच्या टेबलाची जागा, मुलांच्या खोलीचे दार, स्त्रियांचे स्थान यांतून समाजरचना कशी वाचता येते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडील नगर वाचनालयांच्या नकाशांवर असे काम होणे अद्याप बाकी आहे. विद्यापीठांतून या विषयावर प्रबंध व्हावयास हरकत नाही.

आता स्नानगृहाकडे वळू. कारखान्यातून काजळी आणि घाम घेऊन निघालेल्या मजुराने आधी अंग धुवावे व मग वर जाऊन पुस्तक हाती घ्यावे, ही कल्पना एका अर्थी सहृदय आहे. ज्या वस्तीत घरोघरी नळ नव्हते तेथे गरम पाण्याची सोय ही पुस्तकापेक्षा मोठी देणगी ठरते. परंतु दुसऱ्या अर्थी ती अट आहे : तू जसा आहेस तसा आत येऊ नकोस. सार्वजनिक म्हणवणाऱ्या प्रत्येक वास्तूत ही अट कोणत्या ना कोणत्या रूपात असते; येथे ती फरशीत आणि नळांत बांधून काढली आहे, एवढाच फरक. या ग्रंथालयाच्या लोकार्पणाआधी एकच वर्ष, १८८८ मध्ये, एडगर थॉमसन कारखान्यात टाळेबंदी झाली होती. कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन विल्यम जोन्स यांनी तेथे आठ तासांची पाळी सुरू केली होती. टाळेबंदीच्या शेवटी कामगार हरले व बारा तासांची पाळी पुन्हा लागू झाली. म्हणजे वाचण्यासाठी लागणारे चार तास काढून घेतल्यानंतर वाचण्यासाठी लागणारी इमारत देण्यात आली. हे विधान कठोर वाटेल, पण तारखांचा क्रम असाच आहे. मार्गारेट बायिंग्टन यांनी शेजारच्या होमस्टेड गावातील कामगार कुटुंबांचा जो अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही बारा तास राबणाऱ्या माणसाला ग्रंथालयाचा उपयोग कितपत होणार, हा मुद्दा येतोच. ग्रंथालयाच्या वापराचा विचार करताना आपण आसने मोजतो, पुस्तके मोजतो. वाचकाजवळ उरलेला वेळ मोजत नाही.

ब्रॅडॉकच्या ग्रंथालयाला दहा टक्क्यांची अट लागू नव्हती, कारण ते त्या पद्धतीच्या आधीचे. १९२० मध्ये गावाची लोकसंख्या २०,८७९ होती. पोलादाचा धंदा उतरणीला लागला तसे गाव रिकामे होत गेले. २०२० च्या जनगणनेत १,७२१ माणसे उरली. १९७४ मध्ये ग्रंथालय बंद पडले. ती इमारत पाडली जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. लगतच्या ड्यूकेन गावातील कार्नेगी ग्रंथालय १९६८ मध्ये असेच पाडले गेले होते. येथे मात्र शेवटचे ग्रंथपाल डेव्हिड सॉलोमन आणि काही रहिवासी आडवे आले. १९८३ मध्ये ग्रंथालय पुन्हा उघडले ते सबंध नव्हे, तर मुलांच्या विभागापुरते. एवढ्या मोठ्या वास्तूचा एक कोपरा ऊबदार ठेवावयाचा आणि बाकीची अंधारात सोडावयाची, अशी ती सुरुवात होती. पुनरुज्जीवनाच्या चकचकीत अहवालांत असे टप्पे सहसा दिसत नाहीत. परंतु माझ्या मते ब्रॅडॉकचे पुनरुज्जीवन त्या एका विभागात झाले. २०१२ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि अलीकडच्या वर्षांत व्यापक नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले, हा त्याचा उत्तरार्ध.

त्यानंतर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. तळघरातील जुन्या स्नानगृहात कुंभारकामाची कार्यशाळा सुरू झाली. २०१३ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मेझियम’ या कलावंत-गटाच्या पुढाकाराने ग्रंथालयात कलाकृतींचा देवघेव-संग्रह सुरू झाला. ग्रंथालयाचे कार्ड असणाऱ्याने पुस्तकाप्रमाणेच एखादे चित्र वा मुद्राचित्र घरी न्यावे, काही दिवस भिंतीवर लावावे आणि परत करावे. त्या वर्षीच्या पिट्सबर्गमधील ‘कार्नेगी इंटरनॅशनल’ या प्रदर्शनात सहभागी झालेल्या कलावंतांनी या संग्रहाला आपल्या कलाकृती दिल्या. कलाकृती हरवली वा फाटली तर काय, ही शंका आपल्या मनात प्रथम येते. ती पुस्तकाविषयीही एके काळी अशीच घेतली जात होती आणि म्हणून पुस्तके साखळीने बांधून ठेवली जात.

येथे मला एक भेद सुचवावासा वाटतो. ग्रंथालयाच्या वास्तूचा विस्तार दोन तत्त्वांवर होऊ शकतो. एक तत्त्व देवघेवीचे, दुसरे भाड्याचे. देवघेवीत वस्तू संस्थेची असते, वापर सभासदाचा असतो आणि परत करण्याच्या विश्वासावर व्यवहार चालतो. भाड्यात जागा काही तासांपुरती त्याची होते ज्याच्याजवळ पैसे आहेत, आणि तेवढ्या वेळेपुरते इतर सर्वजण परके ठरतात. ब्रॅडॉकने चित्रांपर्यंत जो विस्तार केला तो देवघेवीच्या तत्त्वावर केला. म्हणून तेथे ‘समाजकेंद्र’ हा शब्द ग्रंथालयाचा शत्रू वाटत नाही.

वॉशिंग्टनचा प्रतिदृष्टान्त

याच्या उलट टोकाचे उदाहरण वॉशिंग्टन शहरातील आहे. तेथील माउंट व्हर्नन चौकातील कार्नेगी ग्रंथालय १९०३ मध्ये सुरू झाले. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांना प्रथमपासून खुली असलेली ही त्या शहरातील मोजक्या सार्वजनिक वास्तूंपैकी एक. १९७० च्या दशकाच्या आरंभी मध्यवर्ती ग्रंथालय दुसरीकडे हलले. २००३ मध्ये येथे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले आणि पुढच्याच वर्षी प्रेक्षकांअभावी बंद झाले. शेवटी ११ मे २०१९ रोजी तेथे ‘अॅपल’ कंपनीचे दालन सुरू झाले. ‘फॉस्टर अँड पार्टनर्स’ या ख्यातनाम संस्थेने केलेले जतनकार्य तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, हे नाकारता येणार नाही. वरच्या मजल्यावर शहराच्या इतिहास-संस्थेला जागाही आहे. कोणीही आत जाऊ शकतो, बसू शकतो, छायाचित्रणाचे मोफत वर्ग करू शकतो. तरीही काहीतरी बदलले आहे. पूर्वी नागरिक तेथे हक्काने जात होता. आता तो कंपनीच्या सौजन्याने जातो. दगड तोच, पायऱ्या त्याच, दारावरचे कोरीवकाम तेच. हक्क आणि सौजन्य यांतील अंतर छायाचित्रात दिसत नाही, हीच वास्तु-समीक्षेची अडचण आहे.

मुंबई : यंत्रकारांची संस्था, वाचकांची गॅलरी

डेव्हिड ससून ग्रंथालयाचा उगम १८४७ मध्ये सरकारी टांकसाळ व गोदीतील तरुण यंत्रकारांनी व मुकादमांनी स्थापन केलेल्या संस्थेत आहे. इंग्लंड-स्कॉटलंडात १८२० च्या दशकापासून कामगारांच्या शास्त्रीय शिक्षणासाठी ज्या संस्था निघत होत्या, त्यांचीच ही मुंबईतील आवृत्ती. व्याख्याने, यंत्रांचे नमुने आणि पुस्तके हे तिचे साहित्य होते. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने साठ हजार रुपयांची देणगी दिली, उर्वरित भार सरकारने उचलला आणि १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडातील आजची इमारत पूर्ण झाली. प्रवेशद्वाराशी थॉमस वूलनर यांनी घडवलेला ससून यांचा संगमरवरी पुतळा आहे. मागे छोटी बाग आहे. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवात साहित्यविषयक कार्यक्रम याच बागेत होत आले आहेत. ‘समाजकेंद्र’ हा शब्द न वापरताही ही वास्तू त्या भूमिकेत पूर्वीच शिरली होती.

२०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यात या वास्तूचा समावेश आहे. २०२२-२३ मध्ये आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली तिचे जतनकार्य झाले. खर्च मुख्यतः खासगी देणग्यांतून उभा राहिला. विसाव्या शतकात मूळ उतरते छप्पर काढून घातलेली काँक्रीटची सपाट स्लॅब हा या कामातील कळीचा मुद्दा होता. ती काढून पुन्हा उतरते छप्पर बसवण्यात आले. मुंबईच्या पावसात सपाट छपराखाली पुस्तके ठेवणे म्हणजे काय, हे कोणत्याही ग्रंथपालाला विचारावे. गळती, बुरशी, वाळवी या क्रमाने संग्रह जातो, आणि तो गेल्याची नोंद कोठेही होत नाही. म्हणून छपराची दुरुस्ती ही येथे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. वास्तूच्या जतनाने ग्रंथांचे थेट जतन केले, असे म्हणण्याजोगे हे उदाहरण आहे. याच परंपरेत फोर्ट भागातील जे. एन. पेटिट ग्रंथालयाचा उल्लेख केला पाहिजे. १८९८ च्या त्या वास्तूचे विकास दिलावरी यांनी केलेले जतनकार्य २०१५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्काराने गौरवले गेले. दोन्ही ठिकाणी ग्रंथालय ग्रंथालयच राहिले, ही गोष्ट आजच्या वातावरणात लहान नाही. एखाद्या ठिकाणाचा वापर हाच जेथे सांस्कृतिक मूल्याचा भाग असतो तेथे तो वापर टिकवला पाहिजे, ही ऑस्ट्रेलियातील बुरा सनदेची भूमिका येथे पाळली गेली आहे.

मात्र समीक्षेचे काम येथे संपत नाही. पुनरुज्जीवन नेहमी कोणत्या तरी एका वर्षाकडे नेणारे असते. ससून ग्रंथालयाचे छप्पर १८७० कडे गेले, ते योग्यच. पण १८४७ कडे जाण्याचा विचार कोणाच्या मनात आला का? ज्या यंत्रकारांनी ही संस्था काढली त्यांचे वारस आज कोण? गोदीतील कंत्राटी कामगार, दक्षिण मुंबईतील कार्यालयांत टपाल पोहोचवणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी. ग्रंथालय वर्गणीचे आहे. वर्गणी घेणे हा गुन्हा नव्हे, कारण तीवरच संस्था जगली. परंतु लांब हातांच्या आरामखुर्च्यांनी प्रसिद्ध झालेल्या त्या गॅलरीत बसणाऱ्यांची सामाजिक रचना गेल्या दीडशे वर्षांत कशी बदलली, याचा शोध एकाही जतन-आराखड्याचा भाग होत नाही. ज्यांना ती गॅलरी दुपारच्या डुलकीसाठी प्रिय आहे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. सार्वजनिक ठिकाणी निर्धास्त झोप लागणे ही त्या ठिकाणाला मिळालेली मोठीच पावती होय.

‘सार्वजनिक’ या शब्दाविषयी

आपल्याकडे ग्रंथालयाच्या नावातच हा शब्द असतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कल्याणचे १८६४ चे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये लोकहितवादींच्या प्रयत्नांतून ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून निघाले. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. या संस्थांची कामगिरी थोर आहे. परंतु ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्व जनांचे, असा अर्थ या शब्दाला आपोआप लाभलेला नाही. तलाव, विहिरी, धर्मशाळा, शाळा अशी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्य मानलेल्यांना खुली करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत होण्यास १९२३ साल उजाडावे लागले, यावरून त्या शब्दाची तोवरची मर्यादा कळते. तेव्हा जुन्या वाचनालयाचे ‘पूर्ववैभव’ परत आणण्याची भाषा करताना पूर्वीचा सर्वच वापर परत आणण्याजोगा होता का, हे तपासावे लागते. या बाबतीत वास्तूपेक्षा जास्त दूरदृष्टी एका मराठी भाषक संस्थानिकाने दाखवली. सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. त्यातून मोफत ग्रंथालयांचे जाळे आणि पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये उभी राहिली. कार्नेगीची पद्धत इमारतीपासून सुरू होत होती. बडोद्याच्या पद्धतीत इमारत नसलेल्या गावालाही पेटी पोहोचत होती.

आपल्या नगर वाचनालयांनी समाजकेंद्राचे काम प्रथमपासून केले आहे, हे मात्र निर्विवाद. व्याख्यानमाला, साहित्य सभा, संगीताच्या बैठका, बालनाट्ये यांसाठी वेगळी जागा गावात नव्हतीच. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे परशुराम सायखेडकर नाट्यगृह आहे, वस्तुसंग्रहालय आहे. या सर्वांच्या मध्यभागी देवघेव विभाग होता आणि व्याख्यानाला आलेला श्रोता जाताना पुस्तक बदलून जात असे.

अडचण पैशाची आहे, आणि ती टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार मिळणाऱ्या शासकीय अनुदानावर आणि वर्गणीवर चालतात. अनुदानात कर्मचाऱ्यांचे वेतन आणि ग्रंथखरेदी यांची तोंडमिळवणी करतानाच कार्यकारिणी मेटाकुटीला येते. शंभर वर्षांच्या सागवानी तुळया बदलण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी सभागृह भाड्याने देणे हा एकमेव मार्ग उरतो. म्हणून साड्यांचे सेल लागतात, वधूवर मेळावे भरतात, खासगी क्लासचे वर्ग चालतात. यात हिणवण्यासारखे काही नाही. त्या भाड्यातून ग्रंथपालाचा पगार निघत असेल तर साडीने पुस्तकावर उपकारच केले. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर. भाडे चांगले मिळते म्हणून वाचनकक्षाची वेळ तासाभराने कमी होते. मग मासिके जिन्याखाली जातात. मग ‘फारसे कोणी नेत नाही’ म्हणून जुने ग्रंथ गठ्ठ्यांत बांधले जातात. आणि अखेरीस विकासकाचा प्रस्ताव येतो, ज्यात नव्या इमारतीच्या कोणत्या तरी मजल्यावर ग्रंथालयाला ‘तेवढीच’ जागा देऊ केलेली असते. तेवढीच म्हणजे चौरस फुटांत तेवढीच. रस्त्यावरून दिसणारे दार, चपला काढण्याचा ओटा, वर्तमानपत्र वाचणाऱ्या वृद्धाला उद्वाहकाशिवाय गाठता येणारा तळमजला, हे त्या हिशेबात नसते.

येथे कार्नेगीच्या दहा टक्क्यांच्या अटीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्या अटीत देणगीदाराची आढ्यता होती, असे म्हणणारे आहेत. कित्येक गावांनी तिच्यामुळे देणगी नाकारलीही. तथापि तिच्यामागील जाण खरी होती : इमारत एकदा बांधली जाते, ग्रंथालय मात्र दरवर्षी चालवावे लागते. आजच्या उद्योगसमूहांच्या सामाजिक दायित्व निधीतून वास्तूच्या दर्शनी भागासाठी पैसा मिळतो, कारण त्यावर नामफलक लावता येतो. सहाय्यक ग्रंथपालाच्या वेतनावर फलक लावता येत नाही. जतनासाठी देणगी स्वीकारताना तिचा ठराविक अंश चालू खर्चासाठी कायम ठेव म्हणून राखून ठेवण्याची अट संस्थांनीच देणगीदारांना का घालू नये? मागणारा अट घालू शकत नाही, हे उत्तर नेहमीचे आहे. पण वारसावास्तू हाती असणारी संस्था केवळ मागणारी नसते.

अभ्यासिका : न आखलेले समाजकेंद्र

सैद्धांतिक चर्चेत ‘तिसरी जागा’ ही रे ओल्डनबर्ग यांची संकल्पना वारंवार येते. घर आणि कामाचे ठिकाण यांच्या पलीकडची, गप्पांची, अनौपचारिक जागा असा तिचा अर्थ. एरिक क्लायनेनबर्ग यांनी २०१८ च्या ग्रंथात ग्रंथालयांना सामाजिक पायाभूत सुविधा मानले आहे, तेही याच दिशेने. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात सकाळी सातला गेल्यास वेगळेच समाजकेंद्र दिसते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रांगेत असतात. ती वाचनालयाची पुस्तके फारशी नेत नाहीत. स्वतःच्या वह्या आणि मार्गदर्शके घेऊन येतात. त्यांना हवे असते टेबल, दिवा, पंखा, मोबाईल चार्ज करण्याची सोय आणि स्वच्छतागृह. एका खोलीत आई-वडील व भावंडांसह राहणाऱ्या मुलीला ही जागा ‘तिसरी’ नसते. अभ्यासासाठी तिला मिळणारी ती पहिलीच जागा असते. तिथे गप्पा नाहीत, कट्टा नाही, शांतता हीच सामुदायिक संपत्ती आहे.

ग्रंथालयशास्त्राची आपली मांडणी या वाचकांविषयी काहीशी नाराज असते, कारण त्यांच्यामुळे देवघेवीची आकडेवारी वाढत नाही. वारसा-जतनाच्या आराखड्यांत तर ते दिसतही नाहीत. तिथे सभागृह, प्रदर्शनदालन आणि उपाहारगृह रेखाटलेले असते. ब्रॅडॉकच्या तळघरात १८८९ मध्ये जे स्नानगृह होते, त्याचा आजचा मराठी पर्याय म्हणजे अभ्यासिकेतील मुलींचे स्वच्छतागृह होय, असे मी म्हणेन. ते आहे की नाही, त्याला कडी आहे की नाही आणि रात्री दहापर्यंत दिवा चालू असतो की नाही, यावर शंभर वर्षांच्या त्या वास्तूत अर्धा समाज येणार की नाही हे ठरते. कोरीव कमानींच्या दुरुस्तीला जी तांत्रिक बुद्धी लागते तेवढीच जुन्या भिंतीतून नवी मलवाहिनी ओल न येता नेण्यासाठी लागते. दगड न फोडता विजेच्या तारा फिरवणे हे तर त्याहून अवघड. परंतु या कामाची छायाचित्रे पुरस्कार-समित्यांकडे जात नाहीत.

जतनकार्याचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशी केले जाते, हा या साऱ्या प्रकारातील पद्धतीचा दोष आहे. नाटकाची समीक्षा पडदा उघडल्याबरोबर लिहिली जात नाही. ग्रंथालय-वास्तूच्या बाबतीत निदान एक पावसाळा, एक परीक्षेचा हंगाम आणि एक वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिल्यावाचून मत देऊ नये. त्या अवधीत वाचनकक्ष किती तास उघडा राहिला, नवे सभासद कोणत्या वस्तीतून आले, किती संध्याकाळी सभागृहाचे दार ‘खासगी कार्यक्रम’ म्हणून सभासदांना बंद होते, आणि दुरुस्तीच्या काळात गोदामात हलवलेली कपाटे परत आली का, हे प्रश्न विचारता येतात. यांपैकी बहुतेकांची उत्तरे वाचनालयाच्या रोजच्या नोंदवह्यांत असतात. त्या चाळण्यासाठी वास्तुरचनाकाराची गरज नाही. स्थानिक महाविद्यालयातील ग्रंथालयशास्त्राचा वा समाजशास्त्राचा विभाग ते काम करू शकतो. कपाटांविषयीचा प्रश्न मात्र प्रत्यक्ष गोदामात जाऊन विचारावा लागतो, कारण नोंदवहीत ती नेहमी ‘हलवली’ अशीच असतात.